वैशू, कुठला दरवाजा ठेवू?

ये गं वैशू, इकडे ये. अशी लांब काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? बस इथे, माझ्या शेजारी. खुर्ची तुझीच आहे, अजून कुणी बसलेलं नाही तिच्यावर. आणि आधी माझं ऐकून घे. माणसानं काम अर्धं टाकून असं निघून जायचं असतं का गं? तापाचं निमित्त झालं म्हणे. ताप काय कुणाला येत नाही? मला वर्षातून दोनदा येतो, मी बसलेच आहे अजून. तुझं वय होतं का हे? घाई कसली एवढी झाली होती तुला? तुला स्कूटरवरसुद्धा घाईच असायची. पळसदरीच्या वळणावर मी मागून ओरडायची, "सावकाश गं बाई, मला पोरंबाळं आहेत," आणि तू म्हणायचीस, "ती पन्नाशीला आलीत मावशे, आता त्यांची काळजी सोड."

तुझं तेरावं झालं. भिसेगावात तुझ्या आईकडे गेले होते. दोघी कोथिंबीर निवडत बसलो. निवडून झाली तरी काड्या पुन्हा पुन्हा चाळत होतो. त्यापुढे त्या घरातलं मी काही लिहिणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय ते आपल्या कामाचं.

तुझ्यामागे तो प्रश्न माझ्या पदरात पडला ना! आपल्या वाचनालयाच्या संग्रहाचा. जुनं सॉफ्टवेअर या महिन्यात बंद व्हायचं होतं, नवं बसवायचं होतं, आणि त्याचा इंटरफेस कुठला ठेवायचा हे कुणीतरी सांगायचं होतं. समितीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सातवी शिकलेल्या बाईच्या! का, तर म्हणे वैशालीबरोबर तुम्हीच बसायचात. अगं, मी तुझ्याबरोबर बसायची ते भांडायला.

इंटरफेस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तुला विचारलं होतं, हे काय नवीन? तू म्हणालीस, "मावशे, माल तोच. गोदाम तेच. फक्त दुकानाचा दर्शनी भाग बदलायचा. गिऱ्हाईक आत कुठून शिरणार, पहिलं त्याला काय दिसणार, तेवढं ठरवायचं." मी म्हटलं, एवढंच ना, मग दर्शनी भाग मी ठरवीन. तू हसलीस. तिथून जे भांडण सुरू झालं ते दवाखान्यापर्यंत.

माल तरी केवढा जमवलास गं! कर्जत आणि खालापूरच्या गावागावातले जुने फोटो, शाळांची गॅदरिंगं, भजनी मंडळं, रसायनीकडे कारखाने यायच्या आधीची शेतं, आणि लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज. माणसं तर आपल्याकडे न बोलावता यायची. शेजारच्या तहसील कचेरीत काम असलेली. साहेब जेवायला गेले की ही सगळी आपल्या पंख्याखाली, पाणी प्यायला. तू त्यांना पाणी द्यायचीस आणि हळूच विचारायचीस, आजी, घरी जुने फोटो आहेत का? पुढल्या खेपेला आजी सातबाऱ्याच्या कागदांबरोबर फोटोही घेऊन यायच्या, पिशवीत, भाजीच्या खाली. मी फोटो पुसायची, तू ते संगणकात चढवायचीस. मला टाइप करायला तूच शिकवलंस. 'ज्ञ' सापडत नव्हता म्हणून मी रडकुंडीला आले होते, तेव्हा म्हणालीस, "मावशे, ज्ञान मिळायला वेळ लागतोच."

तर दरवाज्याचं.

जुन्या सॉफ्टवेअरचा दर्शनी भाग तसा कुरूपच होता, ते मला मान्य. करड्या रंगाचा, बारीक अक्षरांचा. पण उघडलं की पहिली गावं दिसायची. गावावर बोट ठेवलं की आळ्या. आळीवर ठेवलं की घरं. मला ते बरोबर वाटायचं, कारण आपल्याकडे माणूस भेटला की आपण काय विचारतो? कुठलं गाव? मग कुठली आळी? मग कुणाच्या घरातली? नाव सगळ्यात शेवटी. कधी कधी नावाची गरजच पडत नाही, तोवर नातं निघालेलं असतं.

आणि नव्यामध्ये काय? पांढरं स्वच्छ पान, वर एक मोठा फोटो आणि मधोमध एक लांबट चौकोन. शोधा. बास. काय शोधायचं ते तुम्हीच लिहा.

"हे काय गं," मी म्हटलं, "दारात जाऊन उभं राहिलं तर कुणी या बसा म्हणायच्या ऐवजी विचारतं, काय पाहिजे?"

"मोबाईलवर नीट दिसतं मावशे. जुनं मोबाईलवर उघडून बघ, मुंगीसारखी अक्षरं. पनवेलला, ठाण्याला गेलेली पोरं वाचनालयात येऊन बसणार आहेत का? ती फोनवरूनच बघणार. आणि जुनं आता कुणी दुरुस्त करत नाही. जगभरातले लोक नव्यावर गेले. उद्या बिघडलं तर कुणाला विचारू?"

"जग गेलं खड्ड्यात. आपली माणसं बघ."

"आपली माणसं जगातच राहतात."

असं. रोजचं. चहावाला सुद्धा विचारायचा, आज कोण जिंकलं.

ती पाताळगंगेकाठची आजी आठवते का तुला? आठवणारच. नवा इंटरफेस तू नुसता चाचणीपुरता लावला होतास आणि म्हणालीस, आज आलेल्या माणसांनाच वापरायला देऊ. बरोबर ती आली. नऊवारी, हातात छत्री, नात बरोबर. तिचे यजमान गावच्या भजनी मंडळात होते, तो फोटो आपल्याकडे आहे असं तिला कुणी सांगितलं होतं. तू तिला खुर्चीत बसवलंस.

"आजी, कुणाचा फोटो बघायचाय?"

"आमच्यांचा."

"नाव सांगा, मी लिहिते."

आजीनं पदर तोंडाला लावला. "नाव कसं घेनार गं मी? उभ्या जल्मात नाय घेतलं."

नात म्हणाली, "आजी, घे गं, मशीनला काय कळतंय!" आणि स्वतः सांगायला लागली, तर आजीनं तिला गप्प केलं. "तू आज्याचं नाव घेनार? त्याच्या मांडीवर वाढलीस ना?" झालं, नातीनंही जीभ चावली. चौकोन रिकामा, आत ती उभी रेघ लुकलुकतेय, आणि आपण चौघी तिच्याकडे बघत बसलोय. मी तुला डोळ्यानं म्हणत होते, बघ, बघ, आता काय करतेस.

तू काही कमी नव्हतीस. म्हणालीस, "आजी, मग उखाण्यात घ्या. लग्नात घेतलं असेल ना?"

आजी लाजली गं! त्या वयात. इकडे तिकडे बघितलं, कचेरीतला एक शिपाई पेपर वाचत बसला होता त्याला म्हणाली, "तू जरा भाईर जा रं." तो उठून गेला बिचारा. मग पदर सावरून म्हणाली,

"खलाटीत पिकतो भात कोलम न् जया,
पांडुरंगांचं नाव घेते, फोटू दाव गं बया!"

आपण टाळ्या वाजवल्या. तू 'पांडुरंग' लिहिलंस, बटण दाबलंस. आणि आले की गं पांडुरंग! ढीगभर. या तालुक्यातले, त्या तालुक्यातले, पैलवान, मास्तर, एक तर विठोबाच्या मूर्तीचाच फोटो. आजीनं पहिला बघितला आणि दचकली.

"ह्यो नाय. ह्यो कोन मिशीवाला?"

दुसरा. "ह्यो पन नाय. बंद कर बाय, परक्या पुरुषांची तोंडं कशाला दावतेस मला?"

मग मी उठले. जुनं उघडलं. गाव लावलं, आळी लावली, भजनी मंडळ आलं. आजीनं बोट ठेवलं. मागच्या रांगेत, टाळ हातात, डोळे मिटलेले. बोट तिनं उचललंच नाही कितीतरी वेळ. काचेवर तसंच. मग म्हणाली, "डोळं मिटूनच गायचे." एवढंच.

ती गेल्यावर मी तुला म्हटलं, "काय?" तू म्हणालीस, "काही नाही." पण त्या दिवशी चहा तू पाजलास.

हे झालं माझ्या बाजूचं. तुझ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर म्हणशील, मावशी एकटीच किल्ला लढवतेय, मी उत्तर द्यायला नाही म्हणून.

ठाकरवाडीची ती बाई आली होती बघ, पोराच्या दाखल्यासाठी. तिला मी मोठ्या कौतुकानं जुनं दाखवलं. हे तुमचं गाव, आणि गावाखाली ही तुमची वाडी. ती म्हणाली, "गावाखाली का लिवली? गाव खाली हाय. आमी वर डोंगरात." मी हसण्यावारी नेलं. तू नाही नेलंस. ती गेल्यावर म्हणालीस, "मावशे, तुझ्या दरवाज्यातून आत यायचं तर आधी कुणाचं तरी व्हावं लागतं. गावाचं, आळीचं, घराचं. जिला या गावानं कधी आपली म्हटलीच नाही, तिनं कुठे बोट ठेवायचं?"

मी म्हटलं, तू जास्त शिकलीस.

तू तिथे थांबली नाहीस. एका दुपारी सहज विचारल्यासारखं विचारलंस, "मावशे, तुझं माहेरचं नाव काय गं? लग्नात बदलण्याआधीचं?" मी म्हटलं, इंदू. लग्नाच्या दिवशी तांदळात दुसरं नाव लिहिलं आणि तेच लागलं आयुष्यभर. आईवडील गेल्यावर मला इंदू म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. तू पुढचं सगळं विचारून घेतलंस, वडिलांचं नाव, आडनाव, आणि त्या चौकोनात घातलंस.

फोटो आला. शाळेतल्या मुली, हातात लेझीम. कडेची मी. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली.

तो फोटो आपल्याकडे होता हे मला माहीतच नव्हतं. आमच्या मास्तरांच्या मुलांनी कर्जतहून दिलेला, म्हणून कर्जतच्या खाली पडलेला. माझ्या माहेरच्या गावाखाली मी दहा वेळा शोधलं असतं तरी सापडला नसता. फोटोमागे मास्तरांनी सगळ्या मुलींची नावं लिहिली होती आणि तू ती एकेक करून चढवली होतीस. म्हणून इंदू सापडली.

मी काय म्हणाले? म्हणाले, "लाइट जरा कमी कर, डोळ्यावर येतोय." तू कमी केलास. काही विचारलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले वैशू. घे आता.

त्यानंतरच तू ते काम काढलंस ना? नव्या सॉफ्टवेअरमध्येच गावाचा एक दरवाजा बसवायचा. चौकोनही राहील, आणि शेजारी गाव, आळी, घर. आणि वाड्या गावाखाली नाही, गावाच्या बरोबरीनं. मी विचारलं, "माझ्यासाठी करतेस?" तर फणकाऱ्यानं म्हणालीस, "तुझ्यासाठी करतंय माझं खेटर. त्या आजीसाठी करतेय." रोज थोडं दाखवायचीस. कधी गावं उलटीच लागायची, कधी आळीवर बोट ठेवलं की पानच पांढरं. तू डोकं धरून बसायचीस. डोकं दुखतंय म्हणायचीस. मला वाटायचं, कामानं दुखतंय.

दवाखान्यातून फोन केलास तेव्हाही तेच. आवाज पार खोल गेलेला. मी म्हटलं, कशी आहेस? तर म्हणतेस, "मावशे, दरवाजा उभा राहिलाय पण कडी बसवायची राहिलीय. मी आले की बसवते. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस." मी म्हटलं, बरं. नाही लावू देत.

आणि मग बैठक झाली.

नवं बसवून देणारा पनवेलचा माणूस आला होता. चांगला आहे गं, तुझ्याबद्दल बोलताना मान खाली घालून बोलत होता. त्यानं सांगितलं ते असं. तयार इंटरफेस घेतला तर सगळे वापरतात तोच, बिघडला तर दुरुस्त करणारे शंभर. मॅडमनी केलेला गावांचा भाग जोडता येईल, पण तो अर्धवट आहे आणि कसा केलाय हे मॅडमनाच माहीत. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बदललं की तो तुटेल, आणि तुटताना सगळंच अडकवून ठेवील. मग ना गाव उघडेल ना चौकोन.

आपले अध्यक्ष डोळे पुसत होते. म्हणाले, "राहू द्या. वैशालीची आठवण म्हणून राहू द्या. तुटेल तेव्हा बघू." सगळ्यांनी माना हलवल्या. मग माझ्याकडे बघितलं.

मला काय वाटलं असेल, तूच सांग. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी समिती माझ्या बाजूनं होती. गावाचा दरवाजा, मला हवा होता तोच, आणि तू स्वतःच्या हातानं केलेला. हो म्हणायचाच अवकाश. आणि तुला मी शब्द दिला होता, कुणाला हात लावू देणार नाही म्हणून.

पण तुझेच शब्द आठवायला लागले मला. उद्या बिघडलं तर कुणाला विचारू? तू होतीस तेव्हा मला या प्रश्नाची भीती नव्हती. कुणाला म्हणजे काय, तुला विचारायचं. आता ते राहिलं नाही. त्या आजीच्या यजमानांचा फोटो, धवले, शाळेतल्या पोरी, सगळं आत कोंडून एक दिवस दार जाम झालं, तर तुझी आठवण म्हणून आम्ही त्या बंद दारालाच हार घालणार होतो का?

मी म्हटलं, "तयार आहे तोच बसवा. तिचा काढून ठेवा."

अध्यक्ष म्हणाले, "मावशी, तुम्ही असं म्हणावं?"

मी म्हटलं, "मीच म्हणायला पाहिजे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते."

घरी येऊन मी जेवले नाही. तुझी बाजू जिंकली वैशू, आणि मला हरल्याचा राग काढायला समोर कुणी नाही. अशी हार कुणाच्या वाट्याला येऊ नये.

नवं चालू झालं. पनवेलचा माणूस म्हणाला, मावशी, पहिलं नाव तुम्ही घाला. सगळे मागे उभे. मी तुझं नाव घातलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बटण दाबलं.

काही सापडलं नाही, असं आलं.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तो माणूस पुढे झाला, त्यानं इंग्रजीतून घातलं. नाही. अगं, जगातले पांडुरंग सापडले त्याच्यात, विठोबा सापडला, साठ वर्षं हरवलेली इंदू सापडली. ज्या बाईनं हे सगळं जमवलं ती नाही! कुठेच आपलं नाव घातलं नव्हतंस तू. म्हाताऱ्यांना उखाणे घ्यायला लावलेस आणि स्वतःचं नाव घ्यायची लाज तुलाच जास्त होती.

त्या दिवसापासून मी कानाला ते हेडफोन लावून बसते. एकेक रेकॉर्डिंग ऐकते. गाणं सुरू व्हायच्या आधी तू असतेसच. "थांबा हं आजी, पंखा बंद करते." मग पंख्याचा आवाज बारीक बारीक होत जातो, कुणीतरी खाकरतं, मग तू म्हणतेस, "हं, म्हणा आता." कुठे हसतेस. कुठे नुसता श्वास ऐकू येतो. दोन आजी एकदम गायला लागल्या तर "एक एक, एक एक" म्हणतेस, शाळेतल्या बाईसारखी. प्रत्येकाखाली मी तुझं नाव लिहिते. ध्वनिमुद्रण आणि प्रश्न, आणि पुढे तुझं पूर्ण नाव. हळूहळू होतं, माझी बोटं काय तुझ्यासारखी चालत नाहीत. आणि मध्ये मध्ये थांबावं लागतं, चष्मा काढून पुसावा लागतो.

काल एक लागलं. चौक गावाजवळच्या त्या आंधळ्या आजी. धवला संपला, तू शाबासकी दिलीस, आणि त्या म्हणाल्या, "इतकी विचारतेस, तुजं नाव काय गं पोरी?" तू म्हणालीस, "माझं राहू दे हो आजी. तुमचं सांगा."

मी तिथं थांबवलं ते. पुढचं अजून ऐकलेलं नाही.

आता कचेरीत काम असलेली माणसं येतात तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसते. ज्यांना नाव घ्यायचं नसतं त्यांच्या कानाशी जाऊन मी आधी गाव विचारते, मग आळी, आणि मग मीच आपल्या मनानं काय ते चौकोनात लिहिते. कधी जमतं. पुष्कळदा जमत नाही, आणि माणूस छत्री उचलून निघून जातो. मी बसलेय तोवर हे चालेल. पुढचं मला माहीत नाही. माझे गुडघे काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

तर माझं म्हणणं अजून तेच आहे गं. गावाचा दरवाजा हवाच होता. मी तो काढायला लावला, तरी हवाच होता. तुझं काय म्हणणं आहे ते येऊन सांग. इथे सगळे माझं ऐकतात आता, मला त्याची सवय नाही. आईकडे जा आधी, तिला भेट, मग इकडे ये. संध्याकाळी ये, कचेरी बंद झाल्यावर, म्हणजे निवांत बसता येईल. स्वप्नात ये म्हणतात लोक, पण मला झोप कुठे लागते? तशीच ये, जशी जमेल तशी. पण लवकर ये वैशू.